पट्टीवर म्हातारपणाचा रकाना नाही



कापूस घातला किंवा ज्वारीची चार पोती विकली, की हातात पट्टी पडते. पट्टी वाचायची सवय आपल्याला नाही. खालचा आकडा बघायचा, नोटा मोजायच्या आणि एसटी गाठायची. पण पट्टी वरपासून वाचली तर बरेच कळते. माल, वजन, भाव, रक्कम. आणि त्याखाली वजावट. हमाली, तोलाई, कुठे वाराई. ही हमाली ज्याच्या हाती जाते तो हमाल माथाडी मंडळाकडे नोंदलेला असेल, तर त्याच्या मजुरीवर व्यापाऱ्याला आणखी लेव्ही भरावी लागते. टक्का मंडळागणिक वेगळा, पण साधारण मजुरीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आगेमागे. त्या लेव्हीतून हमालाचा फंड जमतो, ग्रॅच्युइटी जमते, बोनस आणि रजेचा पगार निघतो. बाजार समितीच्या कारकुनाची तजवीज त्याच्या पगारात आहे. पोत्यात जे आहे ते ज्याने पिकवले, त्याच्या म्हातारपणाची तजवीज त्या कागदावर कुठेच नाही.

हमालाला मिळते याबद्दल आमची तक्रार नाही. पाठीवर शंभर किलोचे पोते घेऊन त्याची कंबर पन्नाशीत जाते. आम्हाला कुतूहल आहे ते त्याला हे मिळाले कसे याचे. या अंकात हा विषय घेतला तो एवढ्यासाठी, की म्हातारपणाच्या पैशाचे कायदे कोणाच्या सांगण्यावरून होतात आणि कोणाच्या सांगण्यावरून अडतात, हे आपण कधी नीट पाहिलेले नाही.

१९६९ च्या आधी हमालाची आणि आपली गत एकच होती. त्याला मालक नव्हता. आज या पेढीवर, उद्या त्या. व्यापारी म्हणे, हा माझा नोकर नाही, मग फंड कसला? मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत यांनी हमालांना एकत्र आणले, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. या कायद्याची खुबी अशी, की मालक कोण हा वादच त्याने बाजूला ठेवला. मालक ठरत नाही ना? मग मंडळ काढा. जो काम करवून घेईल त्याने मजुरी मंडळात भरायची, वर लेव्ही भरायची. मंडळाने प्रत्येकाच्या नावाने खाते ठेवायचे. ‘शेतकऱ्याला मालक नाही, म्हणून त्याला फंड देता येत नाही’ असे जो साहेब तुम्हाला सांगेल, त्याला हा कायदा दाखवा. बिनमालकाच्या माणसाला फंड देण्याची रीत याच राज्याने काढलेली आहे.

व्यापाऱ्यांच्या संघटनांनी हा कायदा मनापासून कधी मानला नाही. नोंदणी टाळणे, लेव्ही थकवणे, कोर्टात जाणे, आणि काहीच नाही जमले तर बाजार बंद ठेवणे, असे ते चालत आले. त्यांचे म्हणणे सगळेच खोटे नाही. इलेक्ट्रॉनिक काटा आला तर तोलाई कसली, हा प्रश्न रास्त आहे. माथाडीच्या नावाने काही ठिकाणी खंडणी मागणारी टोळकी उभी राहिली, हेही खरे. पण या तक्रारींचा उपयोग कसा होतो ते पाहा. २०२३ च्या अखेरीस माथाडी कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आले. सांगितले गेले ते खंडणीखोरांना आळा घालण्यासाठी. हमालांच्या संघटनांना त्यात आपल्या मंडळांच्या मुळावर घाव दिसला आणि त्या रस्त्यावर आल्या.

२०२४ च्या एप्रिलमध्ये नाशिक जिल्ह्यात लेव्हीच्या थकबाकीवरून आणि पट्टीतल्या हमाली-तोलाईच्या कपातीवरून व्यापारी आणि माथाडी यांचे बिनसले आणि कांद्याचे लिलाव बंद पडले. भांडण दोघांचे. कांदा कोणाचा? आमचा. व्यापारी दुकान बंद करून घरी बसू शकतो, त्याचा माल गोदामात असतो. हमालाच्या मागे मंडळ आहे. ट्रॅक्टर भरून आलेल्याला मात्र थांबता येत नाही. तो चार दिवसांत कलेक्टरकडे जातो आणि म्हणतो, काहीही करा पण लिलाव सुरू करा. व्यापाऱ्याला नेमके हेच हवे असते. सरकारवर दाब आणायला त्याला स्वतःचा आवाज खर्च करावा लागत नाही, आमचा चालतो. कोल्हापूरकरांना हे नवे नाही. मजुरीवरून गुळाचे सौदे बंद पडले की ढेपा घेऊन उभा राहतो तो गुऱ्हाळवालाच.

कोल्हापूर म्हटले की तुम्हाला ऊस आठवतो. बैठक इथे कशाला, जतला किंवा मंगळवेढ्याला का नाही, असे काहींनी विचारलेही. पण आपल्या कापसाची वाट या जिल्ह्यातून जाते. विदर्भ-मराठवाड्यात वेचलेला कापूस जिनिंगमध्ये सरकी सोडतो, गिरणीत सूत होतो आणि ते सूत इचलकरंजीला येते. इथे १९०४ साली पहिला यंत्रमाग लागला. आज गल्लोगल्ली मागाचा खडखडाट आहे. सायझिंग, वहिफणी, कांडीवाले, जॉबर, घडीवाले, दिवाणजी, हजारो माणसे त्यावर जगतात. त्यांच्यात फंड किती जणांचा कापला जातो ते विचारून पाहा.

याचे कारण एका आकड्यात आहे. १९५२ साली भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला तेव्हा तो सहा उद्योगांना लागू झाला. कापड उद्योग त्यांतलाच एक. म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांत कापसाचे सूत काढणाऱ्याच्या म्हातारपणाचा विचार झाला, कापूस पिकवणाऱ्याचा आजतागायत नाही. पण तो कायदाही पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथेच होता. १९६० अखेर पन्नासाचे वीस झाले. शिवाय नव्या कारखान्याला पहिली काही वर्षे माफी होती. तिला बाळसे धरण्याची सवलत म्हणत. बाळ पाच वर्षांचे झाले की कारखान्याचे नाव बदले आणि नवे बाळ जन्माला येई. ही सवलत जायला १९९७ साल उजाडले. त्याच वर्षी वर्गणी १२ टक्के झाली, पण बिडी, वीट, ताग, काथ्या, गवार डिंक यांना १० टक्केच ठेवली. ज्याची संघटना जागी, त्याचे दोन टक्के वाचले.

वीसचा आकडा मात्र राहिला. केंद्राच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्याचे जाहीर झाले. मागाच्या एका शेडमध्ये पंचवीस माणसे असतील तर काय करायचे? एक शेड, तीन नावे. थोरल्या भावाचे आठ, धाकट्याचे आठ, वहिनीच्या नावाने नऊ. मीटर वेगळे, पाटी वेगळी. यात कोणा एकाचे नाव घेण्यात अर्थ नाही. इचलकरंजीत होते तेच भिवंडीत आणि सोलापुरात होते. छोट्या मागवाल्यालाही सुताच्या भावात पिळले जाते, हे आम्ही जाणतो. पण वीसच्या जागी दहा करा असा विषय निघाला, की त्याच्या आडून बोलणारे मोठे असतात.

आणि ज्यांचा फंड कापला गेला त्यांचे तरी काय झाले? १६ नोव्हेंबर १९९५ पासून कामगारांच्या पेन्शनची योजना आली. मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के तिकडे वळवले. २०१४ मध्ये किमान पेन्शन १००० रुपये ठरली, आणि पुढली दहा वर्षे ती तिथेच राहिली. साखर कारखाने, सूतगिरण्या, एसटी यांतून निवृत्त झालेली माणसे या हजार-दोन हजारांसाठी बुलढाण्यात २४ डिसेंबर २०१८ पासून साखळी उपोषणाला बसली. बुलढाणा कापसाचा जिल्हा आहे, हा योगायोग आपल्या लोकांनी तिथून जाताना ध्यानात घ्यावा.

सरकारी नोकरांचे उदाहरण सगळ्यांत ताजे. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन राज्य सरकारने बंद केली. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर अधिवेशनात देवेंद्र फडणवीस यांनी सांगितले की जुनी पेन्शन दिली तर एक लाख दहा हजार कोटींचा बोजा पडेल. १४ मार्च २०२३ ला सुमारे सतरा लाख कर्मचारी संपावर गेले. तलाठी नाही, शाळा नाही, दवाखान्यात नर्स नाही. त्याच आठवड्यात कोल्हापुरात बेरोजगार तरुणांनी संपाविरुद्ध मोर्चा काढला, आम्ही निम्म्या पगारात काम करतो म्हणून. २० मार्चला संप मिटला, समिती नेमली गेली. १ मार्च २०२४ ला शेवटच्या पगाराच्या निम्म्या पेन्शनची घोषणा झाली. केंद्राने २४ ऑगस्ट २०२४ ला आपली एकीकृत योजना मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती घेतली. पावणेदोन वर्षांपूर्वी तिजोरी बुडत होती. निवडणूक तीन महिन्यांवर आली आणि ती तरंगू लागली!

आमच्यातले काही कार्यकर्ते यावर चिडतात. मास्तरला पन्नास हजार पगार, वर पेन्शन, आणि आम्हाला काय? हा राग आम्हाला कळतो, पण तो चुकीच्या दारात उभा आहे. आपल्याच घरातला एक पोरगा झेडपीच्या शाळेत असतो आणि त्याच्या पगारावर घरची शेती चालते. मास्तरने मिळवले ते संघटनेच्या जोरावर मिळवले. त्याचे काढून घेतले तर ते आपल्याकडे येणार नाही.

आपल्याकडे काय येते ते आता पाहू. २०१९ मध्ये शेतकऱ्यांसाठी किसान मानधन योजना निघाली. १८ ते ४० वयाच्या शेतकऱ्याने महिना ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच केंद्राने घालायचे, साठीला महिना ३००० रुपये. तीन वर्षांत पाच कोटी शेतकरी घेऊ असे सांगितले होते. २०२४ च्या ऑगस्टपर्यंत सुमारे तेवीस लाख आले, म्हणजे शंभरातले पाचही नाहीत. लोक अडाणी म्हणून आले नाहीत, असे अधिकारी म्हणतात. लोकांनी हिशेब केला म्हणून आले नाहीत, असे आम्ही म्हणतो. २०१९ मध्ये अठरा वर्षांचा पोरगा भरायला लागला तर त्याला ३००० मिळायला २०६१ साल उजाडेल. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर त्या ३००० ची किंमत २०१९ च्या सुमारे २६० रुपयांएवढी राहील. चाळिशीतला माणूस २०३९ ला घेईल, त्याचे साडेनऊशेही होत नाहीत. सरकारी पेन्शनीला महागाई भत्ता जोडलेला असतो. या ३००० ला काहीही जोडलेले नाही. आणि न जोडल्यावर काय होते याचा दाखला केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये आहे. ऐंशीच्या आतल्या वृद्धांना केंद्राचा वाटा २००७ साली २०० रुपये होता. २०२४ लाही २००.

पण कोरडवाहूवाल्यांनी या योजनेतली खरी मेख पाहावी. जमीन दोन हेक्टरच्या आत पाहिजे. दोन हेक्टर म्हणजे ढोबळ पाच एकर. पाच एकर कशाचे, ते कायदा विचारत नाही. पंचगंगेच्या काठी पाच एकर उसाचा धनी अल्पभूधारक ठरतो आणि जतच्या माळावर सात एकर ज्वारी-बाजरी करणारा मोठा शेतकरी म्हणून बाद होतो. यवतमाळचा आठ एकर कापूसवाला बाद होतो. सरकारला जिराईत आणि बागाईत यातला फरक कळत नाही असे मात्र समजू नका. कमाल जमीनधारणेच्या कायद्यात १९७५ च्या दुरुस्तीनंतर बारमाही पाण्याच्या जमिनीला १८ एकरांची मर्यादा आणि कोरडवाहूला ५४ एकरांची. एकास तीन हे प्रमाण सरकारनेच लिहून ठेवले आहे. जमीन काढून घ्यायची होती तेव्हा फरक कळत होता. पेन्शन द्यायची वेळ आली तेव्हा सगळी माती सारखी झाली. आमचा दावा असा, की २०१९ मध्ये ही अट लिहिली जात असताना त्या खोलीत कोरडवाहू शेतकऱ्यांच्या वतीने बोलणारे कोणी असते, तर हा एक प्रश्न पाच मिनिटांत उपस्थित झाला असता.

लॉबी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पैशाची थैली येते. थैली असतेही. पण तिच्याआधी एक साधी गोष्ट असते: एक खोली, एक टेबल आणि राजपत्र वाचणारा एक पगारी माणूस. नियमांचा मसुदा निघतो, हरकती आणि सूचनांसाठी मुदत दिलेली असते. व्यापारी महासंघाची हरकत मुदतीत जाते. उद्योजकांच्या संघटना दरवर्षी अर्थसंकल्पाआधी निवेदन देतात, संसदेच्या स्थायी समितीपुढे साक्ष द्यायला जातात. आपल्याला मसुद्याची बातमी कायदा झाल्यावर कळते. मग आपण रस्ता अडवतो. रस्ता अडवण्यात आम्ही कमी पडलो नाही, हरकत लिहिण्यात पडलो.

रस्त्याचा जोर चालतोच, हे खरे आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत केंद्राने नियम काढला की फंडातला मालकाचा हिस्सा अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत काढता येणार नाही. त्या १८ आणि १९ एप्रिलला बंगळूरच्या शिलाई कारखान्यांतल्या हजारो बाया रस्त्यावर उतरल्या, बहुतेक कोणा पुढाऱ्याशिवाय. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळपर्यंत नियम मागे घेतला गेला. आपल्या कापसाचे शेवटी सदरे शिवतात त्याच या बाया. पण त्या एका रस्त्यावर, एका पाळीत, हजारोंनी होत्या. आपण विखुरलेले आहोत. कारकून थांबला की तहसील थांबते. आपण पेरणी थांबवली तर पहिली आपलीच चूल थांबते.

उलट बाजूची चपळाई पाहायची असेल तर २०२५ चा ऑगस्ट आठवा. कापड उद्योगाच्या संघटनांनी मागणी लावून धरली आणि १९ ऑगस्टपासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठले. आधी सप्टेंबर अखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. आपला कापूस बाजारात यायचे दिवस तेच.

आता कापसातून कापून घ्यायचा कायदा कधी झालाच नाही असे कोणी म्हणू नये. एकाधिकार खरेदी १९७२ पासून सुरू झाली, त्यात कापसाच्या किमतीतून ३ टक्के भांडवल निधी सक्तीने कापला जात होता. ज्वारीवाल्याला तर ‘लेव्ही’ हा शब्द चांगला ठाऊक आहे. साठ-सत्तरच्या दशकांत लेव्हीची ज्वारी कमी भावाने सरकारच्या गोदामात घालावी लागे. न घातली तर घरची झडती. इकडे उसाच्या बिलातून परतीची ठेव आणि बिनपरतीची ठेव कापली जाते, आणि बिनपरतीच्या ठेवीला ठेव का म्हणायचे हे आजवर आम्हाला कोणी समजावून सांगितलेले नाही. सक्तीची बचत आपण पिढ्यान् पिढ्या केली. त्यातून कारखाने उभे राहिले, महासंघ उभा राहिला, तिथल्या नोकरांचा फंड भरला गेला. आपल्या नावाचे खाते मात्र निघाले नाही.

आता आमच्यातलाच एक जुना आक्षेप. ‘आम्हाला पेन्शन नको, भाव द्या. भाव मिळाला तर शेतकरी स्वतःचे म्हातारपण सांभाळील.’ हे आम्हीही व्यासपीठावरून अनेकदा बोललो आहोत आणि भीक नको हे आजही म्हणतो. पण भाव म्हणजे काय ते एकदा उलगडून पाहिले पाहिजे. शेतकी कॉलेजात आम्हाला उत्पादनखर्च काढायला शिकवला. बियाणे, खत, औषध, बैलजोडी, मजुरी. मग घरच्या माणसांच्या कामाची किंमत. कृषी मूल्य आयोग ही घरची मजुरी धरतो, पण धरतो ती रोजंदारीच्या दराने. त्यात फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही. गिरणीच्या सुताचा खर्च काढताना कामगाराचा फंड हा खर्चाचा रकाना असतो, तो धरूनच सुताचा भाव ठरतो. शेतकऱ्याच्या कामात तो रकाना काढलेलाच नाही. तेव्हा जो मागायचा तो घामाच्या मजुरीचा मागे राहिलेला हिस्सा आहे. तो भावाच्या बाहेरचा नाही, भावाच्या आतला आहे. पेन्शन मागितली की दान मागितले असे ज्यांना वाटते त्यांनी एवढे पाहावे.

मग मागायचे कसे? ब्राझील या देशाचे पाहण्यासारखे आहे. तिथेही लहान शेतकऱ्याला मालक नाही. पण १९८८ च्या राज्यघटनेने त्याला पेन्शनचा हक्क दिला: पुरुषाला साठाव्या वर्षी, बाईला पंचावन्नाव्या, आणि रक्कम किमान वेतनाएवढी. शेतकऱ्याचा हिस्सा महिन्याच्या हप्त्याने घेत नाहीत. मालाच्या पहिल्या विक्रीवर ठरावीक टक्का घेतात आणि तो भरण्याची जबाबदारी खरेदीदारावर असते. त्यातून सगळा खर्च निघत नाही, उरलेला सरकार घालते. २०१९ मध्ये तिथल्या सरकारने सगळ्यांच्या पेन्शनी आवळल्या, पण शेतकऱ्यांच्या वयाच्या अटीला हात लावता आला नाही, कारण त्यांची संघटना संसदेच्या दारात बसून होती.

आपल्या कापसाचा हिशेब करू. पाच एकर, एकरी चार क्विंटल, म्हणजे वीस क्विंटल. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये, एकूण १ लाख ६२ हजार २००. खरेदीदाराने यावर दोन टक्के वेगळे भरायचे म्हटले तर वर्षाला ३२४४ रुपये, महिन्याला पावणेतीनशेच्या आत. यात कोणाचे म्हातारपण थाटात जाणार नाही, म्हणून तेवढीच भर सरकारने घातली पाहिजे आणि ती महागाईला जोडली पाहिजे. गिरणीवाले म्हणतील, धंदा बुडेल. एका सुती सदऱ्याला पाव किलोच्या आसपास रुई लागते, तिला पाऊण किलोच्या आत कापूस, त्याची किंमत साठ रुपये. दोन टक्के म्हणजे सव्वा रुपया. सदऱ्याच्या गुंड्यांना याहून जास्त पडत असतील.

यात धोके आहेत आणि ते बैठकीत उघड बोलले पाहिजेत. व्यापारी हे दोन टक्के भावातून काढून घेईल; हमालीची लेव्ही कोणाच्या पट्टीवर चढते ते आपण पाहतोच. म्हणून सुरुवात भारतीय कापूस निगमाच्या केंद्रांवर व्हावी, तिथे हमीभाव हा तळ आहे, त्याखाली सरकायला जागा नाही. बाहेरून येणाऱ्या गाठींवरही तोच टक्का बसला पाहिजे, नाहीतर आपला कापूस महाग आणि परदेशी स्वस्त असे होईल. खेडा खरेदीत पट्टीच मिळत नाही, तिथे काय करायचे याचे उत्तर आम्हाला अजून सापडलेले नाही. ज्वारीचा पेच आणखी वेगळा. रब्बी ज्वारी बरीचशी घरात खाल्ली जाते, कडबा बांधावरच विकला जातो, त्याची नोंद कुठे होत नाही. ज्वारीवाल्याला विक्रीवर धरले तर त्याच्या खात्यात काहीच पडणार नाही. त्याला एकराप्रमाणे धरावे लागेल, आणि तेही जिराईताचे तीन एकर म्हणजे बागाईताचा एक, या सरकारच्याच मापाने. आणि खाते कोणाच्या नावाने? सातबारा नवऱ्याच्या नावावर, कापूस वेचायला बाई. वेचणीची मजुरी उत्पादनखर्चात मोठी रक्कम असते. तिच्या नावाने खाते निघाले नाही तर आम्ही या मागणीच्या मागे उभे राहणार नाही.

जमलेला पैसा पुन्हा कोणाच्या महासंघात गडप व्हायला नको. दरवर्षी जमाखर्चाची चिठ्ठी घरी आली पाहिजे, जशी हमालाला मंडळाकडून मिळायला हवी आणि जशी भांडवल निधीची आपल्याला मिळायला हवी होती.

बैठकीपुढे दोन गोष्टी ठेवत आहोत. राजपत्र, विधेयके आणि मसुदे वाचून मुदतीत हरकती लिहिण्यासाठी संघटनेने एक माणूस नेमावा, त्याचा खर्च तालुक्यांनी वाटून घ्यावा. वकील नसला तरी चालेल, बी.एस्सी. ॲग्री झालेली पुष्कळ पोरे रिकामी आहेत. आणि पहिली हरकत दोन हेक्टरच्या अटीवर जावी. त्यासाठी प्रत्येक तालुक्याने दहा गावांतून चाळिशीच्या आतल्या शेतकऱ्यांचे ८-अ पाहून यावे: दोन हेक्टरच्या वर जमीन असून पाणी नाही असे किती, त्यांतल्या किती घरांत कोणाचाही पगार नाही. नावे नकोत, गाववार आकडे हवेत. दुपारच्या सत्रात ते एकत्र करायचे आहेत, तेव्हा जेवणाआधी कागद टेबलावर द्यावेत.